सापाच्या शीमध्ये अंडी दिसली? थांबा, ती उंदराच्या जंतांची पण असू शकतात

आमच्या घरी एक बॉल पायथन, म्हणजे परदेशी जातीचा छोटा अजगर आहे, घाबरला की गोळा होऊन बसतो म्हणून नाव लाडू. तो आला त्यानंतर चौथ्या महिन्यात मी हौसेने त्याची शी मायक्रोस्कोपखाली बघितली आणि पहिल्याच स्लाईडवर अंडी दिसली, लांबट, एका बाजूने चपटी, दुसऱ्या बाजूने फुगीर, थोडीशी केळ्यासारखी. रात्रीचे अकरा वाजले होते, तरी मी ओळखीच्या एका पेट शॉपवाल्याला फोटो पाठवला, त्याचं लगेच उत्तर, "ताई, जंत आहेत, फेनबेंडाझोल देऊन टाका, कुत्र्याचं असतं तेच." नशीब की घरात औषध नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोटो दाखवला तर त्यांनी एकच विचारलं, याने शेवटचं काय खाल्लं? म्हटलं, उंदीर. मग म्हणाले हे उंदराचे जंत आहेत, सापाच्या पोटातून नुसते प्रवास करून आलेत.

तर हा सगळा लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे. अंडी दिसणं तसं सोपं आहे, एक साधा मायक्रोस्कोप आणि स्वयंपाकघरातलं मीठ असलं की दिसतात. ती सापाची की जेवणाची, आणि सापाची असली तर कुठल्या गटातली, हे ठरवणं हे खरं काम. आणि ते ठरल्याशिवाय औषध द्यायचं नाही, का ते पुढे सांगते.

आधी एक कायद्याचं, म्हणजे खाली कोणी विचारायला नको. आपल्याकडचा कुठलाही देशी साप, धामण असो, दिवड असो नाहीतर गवत्या, घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शेतातून पकडलेल्या सापाला जंत झालेत का असं विचारणार असाल तर त्याला वनखात्याकडे किंवा अधिकृत सर्पमित्राकडे द्या. बॉल पायथन परदेशी आहे पण सायटीसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉर्न स्नेक हा दुसरा पाळला जाणारा परदेशी साप सायटीसच्या यादीत नाही, पण आणल्याची कागदपत्रं जपून ठेवा.

शी बघायच्या आधी वही बघा

जंतांची शंका पहिल्यांदा वहीत येते, मायक्रोस्कोप नंतर. प्रत्येक सापाची एक वही ठेवा, जेवण कधी दिलं, काय दिलं, किती ग्रॅमचं, ओकला का, शी कधी केली, कात कधी टाकली, आणि पंधरा दिवसांनी वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, साप डब्यात ठेवायचा आणि डब्याचं वजन वजा करायचं.

आता लक्षणं. खातोय पण वजन वाढत नाही किंवा उतरतंय, खाल्ल्यानंतर दोन-चार दिवसांनी ओकतोय, शी पातळ आहे, त्यात शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा रक्त आहे, नेहमीपेक्षा भयंकर वास मारतोय, पाठीचा कणा वर दिसायला लागलाय, किंवा पोटाचा मधला भाग कायम सुजलेला. पण यातलं एकही लक्षण जंतांचंच असं नसतं. ओकण्याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे टेरेरियम, म्हणजे सापाची काचेची पेटी, थंड असणं, त्यानंतर खाल्ल्यावर लगेच हाताळणं, त्यानंतर उंदीर फार मोठा देणं. बॉल पायथनचं न खाणं तर वेगळीच कथा, हिवाळ्यात किंवा प्रजननाच्या दिवसांत तो महिनोन्महिने उपास करतो आणि ठणठणीत असतो, त्याचं वजन साधारण १० टक्क्यांहून जास्त उतरेपर्यंत घाबरायचं कारण नसतं. कॉर्न स्नेक मात्र हावरट, त्याने दोन-तीन वेळा जेवण नाकारलं तर लक्ष द्या. म्हणून पहिलं काम थर्मामीटर, बॉल पायथनचा गरम कोपरा ३१ ते ३३ अंश आहे का ते बघा. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या "जंतांच्या केसेस" हीट मॅटचा थर्मोस्टॅट बदलल्यावर बऱ्या झाल्यात.

आणि उलट बाजू पण आहे, पोटात जंत असलेला साप कितीतरी काळ एकदम छान दिसू शकतो. म्हणून नवीन साप आला की लक्षण असो नसो तपासणी करायची, आणि निदान ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, वेगळं पाण्याचं भांडं.

सॅम्पल घेणं, इथेच निम्मे लोक चुकतात

सापाच्या शीमध्ये दोन गोष्टी एकत्र येतात. पांढरा किंवा पिवळसर खडूसारखा गोळा म्हणजे युरेट, ती त्याची लघवी, त्यात जंत शोधून काही मिळत नाही. तपकिरी-काळा भाग ही खरी शी, आपल्याला तो हवा. बरेच जण पांढरा खडू डबीत भरून लॅबला देतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून खूश होतात!

शी ताजी हवी. कोकोपीट किंवा लाकडाच्या भुशावर दोन दिवस पडलेली शी उचलली तर त्यात मातीतले स्वतंत्र जगणारे कृमी आणि माइट (गोचिडीसारखे अगदी बारीक किडे) शिरलेले असतात आणि तुम्ही त्यांनाच जंत समजून बसता. शिवाय एप्रिलमध्ये पुण्यात खोली ३५ अंशाला असते, त्या उन्हाळ्यात अंड्यातून अळ्या बाहेर पडतात आणि मग अंडं कुठल्या गटातलं हे ओळखायचा पुरावाच जातो. उपाय सोपा, खाल्ल्यानंतर शी व्हायची वेळ जवळ आली की तळाशी साधा टिश्यू पेपर अंथरायचा. वर्तमानपत्र पण चालतं.

हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या चमच्याने दोन-तीन ठिकाणची शी छोट्या झाकणाच्या डबीत घ्यायची, मेडिकलमध्ये लघवी तपासायची मिळते ती डबी उत्तम. लगेच बघणार नसाल तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नको, गोठली की नाजूक अंडी फुटतात. पण फ्रीजमध्ये ठेवली की वळवळणारे एकपेशीय जीव थंड पडतात, मग ते दिसत नाहीत. म्हणून मी सॅम्पलचे दोन भाग करते, एक लगेच अर्ध्या तासात बघायला, दुसरा फ्रीजमध्ये. डबीवर तारीख, सापाचं नाव आणि शेवटचं जेवण कधीचं हे लिहायचं.

ओकलेला उंदीर पण सॅम्पल असतो बरं का, टाकून देऊ नका, त्याच्यावरचा चिकट स्राव डॉक्टरांना फार कामाचा असतो.

नुसत्या डोळ्यांनी

स्लाईड करायच्या आधी शी टिश्यूवर पसरून बघा. पांढरे दोऱ्यासारखे हलणारे, म्हणजे गोलकृमी. भाताच्या शितासारखे किंवा चपट्या फितीचे तुकडे, म्हणजे टेपवर्मचे तुकडे. दिसलं तर ते काढून थोड्या सलाईनमध्ये वेगळं ठेवा, अख्खा जंत मिळाला तर ओळख पटवणं अंड्यापेक्षा सोपं जातं. उंदराचे केस, नखं, अर्धवट पचलेलं हाड हे सगळं पण दिसतं, केस बघून जंत म्हणून किंचाळणाऱ्यांमध्ये मी पण एकदा होते.

सामान

शाळा-कॉलेजात असतो तो साधा मायक्रोस्कोप पुरतो, १०चा आयपीस आणि ४, १० नि ४०ची ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे एकूण ४०, १०० आणि ४०० पट. आयपीसमध्ये मोजपट्टी असलेली काच मिळते, ती नक्की घ्या आणि एकदा कॅलिब्रेट करा, कारण माप नसेल तर अंडं ओळखणं म्हणजे नुसता अंदाज. स्लाईड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, दोन-तीन अरुंद टेस्ट ट्यूब, मेडिकलमधलं ०.९ टक्के नॉर्मल सलाईन, आयोडीनचं लुगॉल द्रावण. आणि एक चहाची गाळणी, जी एकदा सापाची झाली की जन्मभर सापाचीच, तिच्या दांड्याला लाल नेलपॉलिश लावून ठेवा. आमच्याकडे एकदा ती ओट्यावर राहिली होती, त्या दिवशी आईने घरात चहाच केला नाही.

पहिली स्लाईड, ताजी शी आणि सलाईन

सलाईनची बाटली कोमट पाण्यात धरून किंचित गरम करा, स्लाईडवर एक थेंब, टूथपिकच्या टोकावर येईल इतकीच शी, कालवायची, वर कव्हरस्लिप. स्लाईड वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता यायला हवीत, नाही आली तर जाड झालीय.

आता सगळ्यात महत्त्वाची ट्रिक, मायक्रोस्कोपचा प्रकाश कमी करा. कंडेन्सर (स्लाईडखालचं भिंग) खाली घ्या, डायफ्रॅम (उजेड कमीजास्त करायची झडप) बंद करत आणा. हे जीव जवळजवळ पारदर्शक असतात, झगझगीत उजेडात काहीच दिसत नाही आणि लोक म्हणतात स्लाईड क्लीन आहे. १०० पटीवर वरून खाली, मग शेजारची ओळ, नांगरल्यासारखी अख्खी कव्हरस्लिप बघायची, मध्येच उड्या मारायच्या नाहीत.

या स्लाईडवर मुख्य शिकार म्हणजे हलणारे जीव. ४०० पटीवर झटके देत, थरथरत, गोल गोल फिरत पळणारे छोटे थेंबासारखे दिसले तर ते फ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे एकपेशीय जीव, ट्रायकोमोनास, मोनोसर्कोमोनास वगैरे मंडळी. थोडेफार असणं नॉर्मल, निरोगी सापात पण असतात. पण स्लाईडवर जिथे बघाल तिथे गर्दी आहे आणि साप पातळ हगतोय, ओकतोय, तर मग डॉक्टर. हलणं खरं की नुसतं पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहणं हे ओळखायला एक मिनिट हात न लावता बघत बसा, वाहणारे सगळे एकाच दिशेने जातात, जिवंत असणारे आपापल्या वाटेने.

मग दुसरी स्लाईड तशीच, पण सलाईनऐवजी लुगॉल आयोडीनचा थेंब. याने जीव मरतात पण अमीबाच्या सिस्टचे, म्हणजे कवच घालून झोपलेल्या अवस्थेतल्या अमीबाचे, आतले केंद्रक रंगून उठून दिसतात. एंटअमीबा इन्व्हेडन्सची पक्व सिस्ट गोल असते, साधारण ११ ते २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आत ४ केंद्रकं. हा सापांमधला खरोखर वाईट परजीवी. आतड्याला आणि लिव्हरला जखमा करतो, शीमध्ये रक्त नि शेंबूड, भयंकर दुर्गंधी, आणि साप फार झपाट्याने जातो. गंमत म्हणजे बऱ्याच कासवांच्या पोटात हाच अमीबा गुपचूप राहतो, कासवाला काही होत नाही. ज्यांच्याकडे लाल कानवाले स्लायडर कासव आणि साप एकाच खोलीत आहेत आणि एकाच टबात दोघांची भांडी धुतली जातात, त्यांनी आजच ते बंद करा. मात्र शीमधले सगळेच अमीबा हे नसतात, पांढऱ्या पेशी पण हुबेहूब तशाच दिसतात, म्हणून इथे घरच्या निदानावर थांबू नका, साप आजारी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरी पद्धत, अंडी तरंगवणं, म्हणजे फ्लोटेशन

नुसत्या स्लाईडवर थोडीच शी मावते, त्यामुळे अंडी कमी असली की सुटतात. म्हणून जड द्रावणात शी कालवायची, कचरा खाली बसतो आणि हलकी अंडी वर येतात.

द्रावण दोन प्रकारे. मिठाचं, एक लिटर गरम पाण्यात सुमारे ४०० ग्रॅम मीठ, ढवळत राहायचं, तळाशी थोडं न विरघळलेलं राहिलं म्हणजे झालं, गार करून वरचं निवळ घ्यायचं. साखरेचं, ३५५ मिली पाण्यात ४५४ ग्रॅम साखर, मंद गॅसवर विरघळेपर्यंतच, एकतारीपर्यंत न्यायचा नाही, आपल्याला गुलाबजाम करायचे नाहीत. हा पाक फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत बुरशी धरतो, मग नवीन. बरोबर जमलंय का हे काट्यावर कळतं, १०० मिली मिठाचं द्रावण १२० ग्रॅमच्या आसपास भरतं, साखरेचं १२७ ग्रॅम. ९० टक्के लोकांचं फ्लोटेशन फसतं ते द्रावण पातळ राहिल्यामुळे असं माझं मत, हा आकडा माझ्या मनाचा, पण वजन करा.

कृती. एक ग्रॅम शी, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी, दहा मिली द्रावणात नीट कालवा, गाळणीतून गाळा, टेस्ट ट्यूबमध्ये काठोकाठ भरा, इतकी की वर पाण्याचा फुगवटा दिसेल. त्यावर हलकेच कव्हरस्लिप ठेवा, बुडबुडा अडकू देऊ नका. मिठाला १५ मिनिटं, साखर चिकट असते तिला २० ते ३०. मग कव्हरस्लिप सरळ वर उचलून स्लाईडवर ठेवायची आणि लगेच बघायची, मिठाचं द्रावण वाळलं की चौकोनी स्फटिक होतात आणि पातळ कवचाची अंडी पिचकतात. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज वापरतात त्याने रिझल्ट बराच चांगला येतो, पण घरी हे पुरतं.

जड अंडी मात्र यात तरंगत नाहीत. फ्लूकची (पानासारखे चपटे कृमी) अंडी आणि पेंटॅस्टोमिडची (फुफ्फुसात राहणारे परजीवी) काही अंडी खालीच राहतात. त्यासाठी शी साध्या पाण्यात कालवून गाळून ग्लासात ठेवायची, दहा मिनिटांनी वरचं पाणी ओतायचं, पुन्हा पाणी, असं पाणी निवळ होईपर्यंत तीन-चार वेळा, आणि तळाच्या गाळाचा थेंब बघायचा. घरात जन्मलेल्या, गोठवलेले उंदीर खाणाऱ्या सापाला मी हे करत नाही, जंगलातून पकडून आयात केलेल्या सापाला नक्की करा.

दिसलं ते काय आहे

पातळ कवच आणि आत आधीच गुंडाळी करून बसलेली अळी, अंडं साधारण ५० ते ६० मायक्रॉन, म्हणजे स्ट्राँगिलॉइड्स किंवा रॅब्डियास. हे दोघं अंड्यावरून वेगळे ओळखता येत नाहीत, फोटो बघून ठामपणे सांगणारा माणूस बढाई मारतोय. स्ट्राँगिलॉइड्स आतड्यात राहतो, रॅब्डियास फुफ्फुसात, तिथून अंडी घशात येतात, साप ती गिळतो आणि शीतून बाहेर. म्हणून अशी अंडी दिसली आणि साप तोंड उघडून श्वास घेतोय किंवा तोंडात फेस आहे तर हे डॉक्टरांना नक्की सांगा. दोघांनाही मधला यजमान, म्हणजे वाढीच्या काळात राहायला दुसरा प्राणी, लागत नाही, ओल्या गरम टेरेरियममध्ये अळ्या वाढतात आणि त्याच सापात परत शिरतात, त्यामुळे साफसफाई नसेल तर आकडा वाढतच जातो.

पातळ कवच पण आत अळी नाही, पेशींचा गोळा आहे, छोट्या द्राक्षाच्या घोसासारखा, म्हणजे बहुतेक हुकवर्म, सापांमध्ये कॅलिसेफॅलस. पण शी शिळी असेल तर यातही अळी तयार झालेली असते आणि मग तुम्ही याला स्ट्राँगिलॉइड्स म्हणाल. ताज्या सॅम्पलचा एवढा आग्रह त्यासाठीच.

जाड, खडबडीत, खळग्या-खळग्यांचं कवच, गोलसर आणि मोठं, म्हणजे ॲस्कॅरिड हा मोठ्या गोलकृमींचा गट, अजगरांमध्ये ऑफिडॅस्कॅरिस. याच कुळातल्या एका जंताची बातमी २०२३ मध्ये जगभर गाजली होती, ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये ६४ वर्षांच्या एका बाईंच्या मेंदूतून ऑपरेशन करून ८ सेंटिमीटर लांबीचा जिवंत जंत काढला, तो कार्पेट पायथनचा ऑफिडॅस्कॅरिस रॉबर्ट्‌सी निघाला. त्या बाईंनी साप पाळलेला नव्हता, अजगरांचा वावर असलेल्या तळ्याकाठची पालेभाजी त्या आणायच्या, तिच्यातून अंडी गेली असावीत असं डॉक्टरांचं म्हणणं. घाबरवायला नाही सांगत, माणसात सापडलेली ती पहिलीच केस होती. पण हात धुवा.

लिंबासारखा आकार आणि दोन्ही टोकांना बूच, म्हणजे कॅपिलॅरिया. एकदा बघितलं की विसरत नाही, पण ही उंदराची पण असू शकते.

गोल अंडं, आत तीन जोड्या बारीक आकड्यांचा गर्भ, म्हणजे टेपवर्म. इथे सगळ्यात जास्त गोंधळ, कारण उंदरातले हायमेनोलेपिस टेपवर्म पण सहा आकड्यांचेच. टेपवर्मला मधला यजमान लागतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या आणि फार्मचे उंदीर खाणाऱ्या सापाला स्वतःचा टेपवर्म असणं दुर्मिळ.

मोठं अंडं, शंभर मायक्रॉनच्या पुढे, बाहेर पारदर्शक आवरण आणि आत चार आखूड पाय नि नख्या असलेलं काहीतरी, म्हणजे पेंटॅस्टोमिड. मायक्रोस्कोप बंद करा, हातमोजे नीट टाकून द्या, हात साबणाने धुवा आणि डॉक्टरांना फोन करा. हे फुफ्फुसात राहतात, शीतून अंडी येतात, आणि आर्मिलिफरसारखे प्रकार माणसाला पण होतात. यावर घरी काहीही करायचं नाही.

राहिले कॉक्सिडिया, हे जंत नाहीत, एकपेशीय परजीवी. गोल किंवा अंडाकृती, गुळगुळीत, चकचकीत भिंत, जंतांच्या अंड्यांपेक्षा लहान. पिकल्यावर आत किती कप्पे आहेत त्यावर जात ठरते, एक कप्पा आणि त्यात ८ बीजं म्हणजे कॅरिओस्पोरा, दोन कप्पे आणि प्रत्येकात ४ म्हणजे आयसोस्पोरा, चार कप्पे प्रत्येकी २ म्हणजे आयमेरिया. ताज्या शीमध्ये हे कच्चे असतात, आतले कप्पे दिसत नाहीत, लॅबवाले पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये काही दिवस ठेवून पिकवतात. साधारण १० मायक्रॉनचे, आत ४ बीजं असलेले एकटे कप्पे सुटे फिरताना दिसले तर ते सार्कोसिस्टिस, याचं चक्र उंदीर आणि सापामध्ये फिरतं, सापाला सहसा फार त्रास देत नाही. पण याचा अर्थ सापाने कधीतरी बाधित उंदीर खाल्लाय. घरातल्या पिंजऱ्यात अडकलेला उंदीर सापाला घालायचा नाही हे किती वेळा सांगायचं, त्याच्या पोटात उंदीर मारायचं औषध असेल ते वेगळंच.

आणि जे जंत नाहीत ते. काळ्या जाड कडेचे एकदम गोल म्हणजे हवेचे बुडबुडे. काटेरी किंवा तीन खाचांचे म्हणजे परागकण. कळ्या फुटलेले छोटे अंडाकृती म्हणजे यीस्ट. शंका आली की फोकस हलकेच खालीवर करा, बुडबुडा नुसता चमकतो, अंड्यात आत काहीतरी रचना दिसते.

आता उंदराचा हिशोब

माझ्या त्या केळ्यासारख्या अंड्यांकडे परत येऊ. ती सायफॅसिया ओब्वेलाटाची, म्हणजे पाळीव पांढऱ्या उंदरांमधला पिनवर्म, बारीक दोऱ्यासारखा जंत. दुसरा ॲस्पिक्युल्युरिस, त्याचं अंडं दोन्ही बाजूंनी सारखं लांबट. दोन्ही उंदरांच्या फार्ममध्ये सर्रास असतात, सापात वाढत नाहीत, उंदराच्या आतड्यातून सापाच्या आतड्यात आणि तिथून बाहेर. उंदराच्या अंगावरचे माइट आणि त्यांची अंडी पण अशीच येतात, माइटचं अंडं फारच मोठं असतं. उंदराचे आयमेरिया पण येतात. उंदीर गोठवलेला असला तरी अंड्यांचे सांगाडे दिसतातच, गोठवल्याने जंत मरतात, अंडं स्लाईडवरून गायब होत नाही.

खात्री कशी करायची? त्याच बॅचच्या उंदराच्या चार लेंड्या मिळाल्या तर त्यांचंही फ्लोटेशन करा, किंवा गोठवलेला उंदीर असेल तर एक बळी देऊन त्याच्या मोठ्या आतड्यातला ऐवज तपासा. तीच अंडी तिथे दिसली की अर्धं कोडं सुटलं. मग दुसऱ्या, शक्यतो स्वच्छ ठिकाणच्या उंदरांवर सापाला दोन-तीन जेवणं द्या आणि परत तपासा. नुसती प्रवासी अंडी असतील तर ती बंद होतात, सापाची स्वतःची असतील तर येत राहतात. लाडूच्या बाबतीत पुरवठादार बदलला आणि दुसऱ्याच सॅम्पलला केळी गायब.

क्रिप्टो, याचं वेगळं

क्रिप्टो म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस, एकपेशीय परजीवी, तो खरं तर आतड्यात नाही, जठरात राहतो. जठराची भिंत जाड होत जाते, म्हणून खाल्ल्यावर ओकणं, वजन उतरणं आणि शरीराच्या मध्यावर टणक सूज. याच्या ऊसिस्ट, म्हणजे शीतून बाहेर पडणाऱ्या कवचबंद गोळ्या, ४ ते ६ मायक्रॉनच्या, म्हणजे वरच्या सगळ्या मंडळींपुढे ठिपका. साध्या स्लाईडवर यीस्टपासून वेगळ्या ओळखायला जाऊ नका. टीबीच्या थुंकीला जो झील-नील्सन स्टेन, म्हणजे रंग, लावतात त्याचाच सौम्य आम्लाचा प्रकार यासाठी वापरतात, त्यात या गुलाबी-लाल दिसतात आणि यीस्ट निळं-हिरवं राहतं, त्यामुळे चांगल्या पॅथॉलॉजी लॅबला विनंती करून बघता येते. त्यापेक्षा पीसीआर चांगली, पण इथेही उंदीर आडवा येतो, उंदराचे स्वतःचे क्रिप्टो सापाच्या शीतून जातात आणि टेस्ट पॉझिटिव्ह येते. म्हणून रिपोर्टमध्ये प्रजाती लिहिलेली असली पाहिजे, नुसतं क्रिप्टो पॉझिटिव्ह वाचून सापाचा निकाल लावू नका. शिवाय ऊसिस्ट सतत बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एक निगेटिव्ह म्हणजे काहीच नाही. ओकलेल्या उंदरावरचा स्राव किंवा डॉक्टरांनी जठर धुऊन काढलेलं पाणी हे सॅम्पल शीपेक्षा भरवशाचं.

एका मित्राच्या कॉर्न स्नेकला हे होतं, सात महिने तो आज ओकला उद्या खाल्लं असं चाललं होतं, आणि तोपर्यंत त्याच चिमट्याने बाकीच्या तीन सापांना पण जेवण दिलं जात होतं. याला खात्रीचा इलाज नाही, औषधाने बाहेर पडणाऱ्या ऊसिस्ट कमी होतात, साप बरा झाला असं म्हणता येत नाही. ब्लीचने मरत नाही हे लिहून ठेवा. उकळतं पाणी, वाफ, पूर्ण वाळवणं आणि ५ टक्के अमोनियात बराच वेळ भिजवणं याने काम होतं. अमोनिया आणि ब्लीच एकत्र कधीही करायचं नाही, विषारी वायू होतो.

एकदा निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह नाही

जंत असले तरी प्रत्येक सॅम्पलमध्ये अंडी सापडतीलच असं नाही. मी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन सॅम्पल बघते, तिन्ही क्लीन आले तरच सुटकेचा श्वास. प्रत्येक वेळी फोनच्या कॅमेऱ्याने आयपीसमधून फोटो, शेजारी माप, किती पटीवर, आणि एका कव्हरस्लिपमध्ये अशी किती अंडी मोजली. "खूप जंत आहेत" आणि "एका कव्हरस्लिपमध्ये ४० अंडी, ५५ मायक्रॉन, आत अळी" यात डॉक्टरांसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डॉक्टर मात्र सरपटणारे प्राणी बघणारा हवा, आणि तो आजारपणाच्या आधी शोधून ठेवा. गावात कोणी नसेल तर पशुवैद्यकीय कॉलेजात परोपजीवीशास्त्र विभाग असतो, मुंबईत परळला किंवा साताऱ्याकडे शिरवळला कॉलेज आहे, तिथे सॅम्पल घेतात का हे फोन करून विचारा. तुमचे नेहमीचे गाई-म्हशींचे डॉक्टर पण स्लाईड तुमच्यापेक्षा चांगली वाचतील, गाईचे जंत बघून त्यांची नजर तयार असते, फक्त उंदराचा मुद्दा तुम्ही त्यांच्या कानावर घाला.

आणि ते फेनबेंडाझोल. कुत्र्या-मांजरात ते अगदी सुरक्षित समजतात, सापांमध्ये जास्त डोस झाला की अस्थिमज्जा आणि आतड्याच्या पेशींवर मार बसून साप दगावल्याच्या नोंदी आहेत. मेट्रोनिडाझोल (एकपेशीय जीवांवरचं औषध) जास्त झालं की मेंदूवर परिणाम होतो, साप उलटा पडतो, सरळ होता येत नाही. आयव्हरमेक्टिन, हे पण जंतांचं औषध, त्याच खोलीतल्या कासवाला चुकून गेलं तर कासव मरू शकतं. डोस वजनावर ठरतो आणि औषध गटाप्रमाणे बदलतं, टेपवर्मला प्राझिक्वांटेल लागतं, गोलकृमीच्या औषधाला तो दाद देत नाही, आणि कॉक्सिडियाला या दोन्हीतलं काहीच चालत नाही. म्हणून या लेखात मी एकही डोस लिहिलेला नाही, खाली विचारलात तरी सांगणार नाही.

रिपोर्ट येईपर्यंत सापाला टिश्यू पेपरवर ठेवा, शी दिसली की लगेच उचला, पाण्याचं भांडं रोज उकळत्या पाण्याने धुवा, ओल्या शेवाळाची लपायची पेटी काढून ठेवा, जेवण नेहमीपेक्षा लहान द्या आणि ओकला असेल तर दोन आठवडे काहीच देऊ नका, फक्त पाणी. बाकीच्या सापांची कामं आधी, याचं सगळ्यात शेवटी. आणि फ्रीजमधल्या डबीवर मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहा, आमच्याकडे बाबांनी एकदा ती चिंचेचा कोळ समजून उघडली होती.